एक फाइल, दोन खाती

नमस्कार मंडळी. राजकारणावरचं व्याख्यान म्हटलं की श्रोते पंतप्रधानांबद्दल, फार तर गृहमंत्र्यांबद्दल ऐकायच्या तयारीने येतात. आज मी एका कनिष्ठ मंत्र्याबद्दल बोलणार आहे. नाव लिन फेदरस्टोन, देश ब्रिटन, पक्ष लिबरल डेमोक्रॅट. २०१० ते २०१५ या पाच वर्षांत त्या आधी गृहखात्यात होत्या, मग परदेशी मदतीच्या खात्यात गेल्या आणि शेवटचे सहा महिने पुन्हा गृहखात्यात आल्या. कॅबिनेटमध्ये त्यांना कधीच जागा मिळाली नाही. तिथे मंत्र्यांच्या तीन पायऱ्या असतात आणि त्यांची बहुतेक कारकीर्द सगळ्यात खालच्या पायरीवर गेली. आपल्याकडे राज्यमंत्र्यांची तक्रार असते ना, की वरचे फाइलच पाठवत नाहीत, तसलीच ती पायरी. तरीही एक काम त्यांनी असं केलं, की संसदेत कनिष्ठ मंत्रीसुद्धा काय करू शकतो हे दाखवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडत नाही.

ते काम मुलींच्या खतन्याविरुद्धचं. विषय नकोसा आहे, पण आडपडदा ठेवून त्यावर बोलता येत नाही. लहान मुलीच्या बाह्य जननेंद्रियाचा काही भाग किंवा सगळाच कापून टाकायचा, काही ठिकाणी तो शिवून टाकायचा. याला वैद्यकीय कारण काहीही नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पुढे लघवीचा त्रास, बाळंतपणात गुंतागुंत, आणि मनावरचं ओझं जन्मभराचं. युनिसेफने २०१३ मध्ये आकडा दिला होता साडेबारा कोटी बायका-मुलींचा. २०२४ मध्ये तो २३ कोटींच्या वर गेला. त्यातला काही भाग वाढत्या लोकसंख्येचा आहे, काही भाग पूर्वी न मोजलेल्या देशांची मोजणी झाली त्याचा. पण एवढ्या बायका आज जगात आहेत, हे खरं.

आता याचा ब्रिटनशी काय संबंध? सोमालिया, सुदान, इथिओपिया, नायजेरिया, गाम्बिया, सिएरा लिओन अशा देशांतून आलेली कुटुंबं लंडन, ब्रिस्टल, बर्मिंगहॅममध्ये राहतात. २०१४ मध्ये लंडनच्या सिटी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी 'इक्वॅलिटी नाऊ' या संस्थेबरोबर अंदाज काढला. खतना झालेल्या सुमारे १ लाख ३७ हजार बायका-मुली इंग्लंड आणि वेल्समध्ये राहतात, असा तो अंदाज होता. बहुतेकींचा खतना त्या ब्रिटनला येण्याआधी झालेला. काहींचा मात्र ब्रिटनमध्ये वाढताना झाला होता. तिकडे उन्हाळ्याची सुट्टी सहा आठवड्यांची. सुट्टी लागली की मुलीला आजोळी न्यायचं, तिथे उरकून घ्यायचं, आणि सप्टेंबरात शाळा उघडेपर्यंत जखम भरलेली. बेत ब्रिटनमध्ये ठरतो, तिकीट तिथेच काढलं जातं, कापणं दुसऱ्या देशात होतं, आणि मुलगी परत येऊन त्याच वर्गात त्याच बाकावर बसते.

हा गुन्हा कोणाच्या खात्यात मोडतो? पोलीस म्हणणार, घटना परदेशातली. परदेशी मदतीचं खातं म्हणणार, आम्ही आफ्रिकेतल्या गावांत काम करतो, लंडनमधली कुटुंबं आमच्या हद्दीत येत नाहीत. शिक्षणखातं म्हणणार हा आरोग्याचा विषय, आणि आरोग्यखातं म्हणणार हा संस्कृतीचा नाजूक प्रश्न आहे. अशा विषयाची फाइल टेबलांवरून फिरत राहते आणि मुलगी मधल्या फटीतून खाली पडते.

फेदरस्टोनबाई आल्या होत्या उत्तर लंडनच्या हॅरिंगे भागातून. १९९८ मध्ये तिथल्या नगरसेविका, २००० मध्ये लंडनच्या विधानसभेत, २००५ मध्ये हॉर्न्सी आणि वुड ग्रीनच्या खासदार. राजकारणाआधी त्या डिझाइनच्या व्यवसायात होत्या. या हॅरिंगेत २००० साली व्हिक्टोरिया क्लिंबी ही आठ वर्षांची मुलगी नातेवाइकांच्या छळाने मेली. आयव्हरी कोस्टहून 'चांगलं शिक्षण मिळेल' म्हणून तिला युरोपात आणलं होतं. सरकारी चौकशीत निघालं की समाजसेवा विभाग, पोलीस, इस्पितळ अशा अनेकांनी तिला पाहिलं होतं, प्रत्येकाकडे माहितीचा एकेक तुकडा होता, आणि ते तुकडे जोडणारं कोणी नव्हतं. २००७ मध्ये त्याच भागात आणखी एक मूल तसंच गेलं. मला वाटतं, अशा भागात नगरसेवकी केलेल्या माणसाला 'हे माझ्या खात्यात येत नाही' या वाक्याची किंमत वेगळी सांगावी लागत नसेल.

२०१० मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबरल डेमोक्रॅट यांचं आघाडी सरकार आलं. फेदरस्टोनबाईंना थेरेसा मे यांच्या हाताखाली गृहखात्यात समानतेचा विषय मिळाला. समलिंगी विवाहाच्या कायद्याची सुरुवात त्यांनीच इथून केली आणि तिकडे लोक त्यांना त्यासाठीच ओळखतात. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, मी तिथे थांबत नाही. आपल्या कामाचं आहे ते पुढचं. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांच्यावर जास्तीची जबाबदारी आली, परदेशांतल्या बायका-मुलींवरच्या हिंसाचाराविरुद्ध सरकारच्या वतीने पाठपुरावा करायची. म्हणजे बसायचं गृहखात्यात आणि नजर ठेवायची परदेशांवर. सप्टेंबर २०१२ मध्ये खातेबदल झाला आणि त्यांची रवानगी परदेशी मदतीच्या खात्यात झाली. खातं बदललं, पण ही जबाबदारी त्या बरोबर घेऊन गेल्या. मंत्री बदलला की विषय मागे राहतो, हा सगळीकडचा रिवाज. इथे विषय मंत्र्याबरोबर गेला.

त्या तिथे गेल्यावर दोनच महिन्यांत, नोव्हेंबर २०१२ मध्ये, त्यांच्या वरिष्ठ मंत्री जस्टिन ग्रीनिंग यांनी भारताला मिळणारी आर्थिक मदत २०१५ पर्यंत बंद करण्याचं जाहीर केलं. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत त्या खात्याचं नाव तेव्हा झळकलं ते या निमित्ताने. फेदरस्टोनबाईंची घोषणा मार्च २०१३ मधली, महिला दिनाच्या तोंडावरची. ती आपल्याकडे कोणाच्या लक्षातही आली नसेल. खतना थांबवण्याच्या कामासाठी पाच वर्षांत साडेतीन कोटी पौंड.

रक्कम ऐकायला मोठी वाटते. पण त्या वर्षी ब्रिटनची एकूण परदेशी मदत ११ अब्ज पौंडांच्या पुढे होती. साडेतीन कोटी पाच वर्षांत वाटले तर वर्षाला सत्तर लाख. हजार रुपये खर्च करणाऱ्याने त्यातले साठ पैसे बाजूला काढावेत, एवढंच. तरीही कुठल्याही देशाने या एका कामासाठी तोवर एवढा पैसा दिलेला नव्हता. यावरून जगाने या विषयाकडे तोवर किती लक्ष दिलं होतं ते कळतं.

पैसा कसा खर्च व्हायचा, इथे थोडं थांबू या, कारण सगळी मेख इथेच आहे. गावात जाऊन 'हे वाईट आहे' असा फलक लावून कोणी ऐकत नाही. आईला ते वाईट आहे हे ठाऊक असतं, तिने स्वतः भोगलेलं असतं. तरी ती मुलीला पुढे करते, कारण खतना न झालेल्या मुलीशी कोणी लग्न करणार नाही ही तिची भीती असते आणि ती भीती खरी असते. एकट्या आईने हे मोडायचं ठरवलं तर शिक्षा तिच्या मुलीला होते.

सेनेगलमध्ये १९९७ साली मालिकुंडा बंबारा नावाच्या गावातल्या बायकांनी जाहीरपणे सांगितलं, आमच्या गावात यापुढे हे होणार नाही. 'तोस्तान' नावाच्या संस्थेचे शिक्षणवर्ग त्या गावात चालायचे. बातमी पसरली आणि त्या बायकांवर टीकेची झोड उठली. तेव्हा शेजारच्या केर सिम्बारा गावचे इमाम देम्बा जावारा यांनी एक गोष्ट सांगितली. एका गावाने ठरवून भागणार नाही, कारण आमच्या सोयरिकी दहा गावांत पसरलेल्या आहेत. ज्यांच्यात आम्ही लेकी देतो आणि ज्यांच्या लेकी करून आणतो त्या सगळ्यांनी मिळून ठरवलं तरच ते टिकेल. आणि हा वयस्कर माणूस पायी गावोगाव गेला, सोयऱ्याधायऱ्यांकडे बसला, त्यांच्याशी बोलला. पुढच्या वर्षी गावांच्या समूहाने एकत्र शपथ घेतली. आपल्याला हे समजावून सांगायला नको. ज्या समाजात रोटी-बेटी व्यवहार ठरलेल्या घरांत चालतात, तिथे रूढी मोडायची तर सगळ्या घरांनी एकाच वेळी मोडावी लागते. एकाने मोडली तर ते घर वाळीत पडतं. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, तो याच कारणाने.

आता लक्षात घ्या, त्या सोयरिकी दहा गावांतच थांबत नाहीत. त्यांतली काही घरं आज परदेशांत आहेत. लंडनमधला भाऊ पैसे पाठवतो आणि गावातली आत्या त्याला फोनवर विचारते, 'मुलीचं केलंत की नाही?' म्हणून गावात कितीही काम केलं तरी लंडनचं टोक मोकळं राहिलं तर पीळ सुटत नाही. उलटही तेच. लंडनमध्ये कितीही कडक कायदा करा, गावातल्या आजीचं मन बदललं नसेल तर विमानाचं तिकीट काढलं जाणारच. फेदरस्टोनबाईंचा मुद्दा हा होता. परदेशी मदतीच्या खात्यात बसून त्या म्हणत राहिल्या की आफ्रिकेत हे थांबल्याशिवाय ब्रिटनमध्ये थांबणार नाही. त्या पैशातला बराच भाग संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधी आणि युनिसेफ यांच्या २००८ पासून चालू असलेल्या संयुक्त कार्यक्रमाला गेला, काही सुदानला गेला, आणि काही 'द गर्ल जनरेशन' या मोहिमेला. या मोहिमेच्या प्रमुख एफुआ डोर्केनू. घानात जन्मलेल्या, ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून काम केलेल्या, १९८३ पासून या प्रश्नासाठी झटणाऱ्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये मोहीम सुरू झाली आणि त्याच महिन्यात त्या वारल्या. मंत्र्यांची नावं कायद्याला चिकटतात. पण तीस वर्षं ही वाट मळली ती या बाईंनी, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

यावर आक्षेप यायचा तो आलाच. गोऱ्या देशाने काळ्या देशांच्या घरात शिरून त्यांच्या चालीरीतींना नावं का ठेवावीत? हा प्रश्न मराठी माणसाने हसण्यावारी नेऊ नये. आपण तो १८९१ मध्ये जोरात विचारलेला आहे. संमतिवयाचा कायदा आला, मुलीचं संमतिवय दहावरून बारा झालं, आणि 'केसरी'तून टिळकांनी विरोध केला, की सुधारणा समाजाच्या आतून यावी, परक्या सरकारने कायद्याने लादू नये. रानडे, आगरकर, भांडारकर दुसऱ्या बाजूला. पण त्या वादात एक आवाज असा होता, की त्यापुढे आतले-बाहेरचे हा हिशेबच टिकत नाही. तो होता रखमाबाईंचा. लहानपणी लावून दिलेल्या लग्नात नांदायला त्यांनी नकार दिला. १८८७ मध्ये मुंबईच्या हायकोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाते. पुढे तडजोड झाली, १८८९ मध्ये त्या लंडनला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. कायदा परक्यांचा होता, दुखणं आतलं होतं, आणि ते मोठ्याने सांगणारी बाईही आतलीच होती. मी परदेशी मदतीच्या कुठल्याही कार्यक्रमाची पारख अशीच करतो. आतली बाई बोलते आहे का, आणि पैसा तिच्या पाठीशी उभा आहे का? ब्रिटनमध्ये या विषयावर सगळ्यात मोठ्याने बोलत होत्या त्या सोमालियात जन्मलेल्या लैला हुसेन आणि निम्को अली. २०१४ मध्ये शाळांनी या विषयात लक्ष घालावं म्हणून शिक्षणमंत्र्यांकडे अर्ज केला तो ब्रिस्टलच्या सतरा वर्षांच्या एका मुस्लिम शाळकरी मुलीने. दोन लाखांहून जास्त लोकांनी त्यावर सह्या केल्या.

आता देशातल्या बाजूकडे येऊ. ब्रिटनमध्ये खतना १९८५ पासून गुन्हा आहे. २००३ मध्ये कायदा कडक झाला, शिक्षा पाचाची चौदा वर्षं झाली, आणि ब्रिटिश नागरिकाने किंवा कायम रहिवाशाने परदेशात हे केलं तरी गुन्हा ठरला. कागदावर सगळं चोख. पण २०१४ उजाडेपर्यंत शिक्षा किती जणांना? एकालाही नाही. त्याच काळात फ्रान्समध्ये सुमारे शंभर जण दोषी ठरले होते. कॉमन्स या कनिष्ठ सभागृहाच्या गृहविषयक समितीने जुलै २०१४ मध्ये यावर अहवाल दिला आणि सरकारला खडसावलं. त्या समितीचे अध्यक्ष कीथ वाझ, एडनला जन्मलेले, मूळ गोव्याच्या कुटुंबातले. समितीचं म्हणणं होतं की इतकी वर्षं एकही शिक्षा न होणं ही राष्ट्रीय नामुष्की आहे.

संसदीय समितीचा हा उपयोग फार मोठा आहे. तिच्या हातात ना पैसा ना पोलीस. पण ती अधिकाऱ्यांना, डॉक्टरांना, फिर्यादी पक्षाच्या प्रमुखांना समोर बसवून विचारू शकते, तुम्हाला कधी कळलं आणि तुम्ही काय केलंत? उत्तर नोंदलं जातं, छापलं जातं. अहवालानंतर तीन आठवड्यांच्या आत, २२ जुलैला, लंडनमध्ये सरकार आणि युनिसेफ यांची मुलींच्या हक्कांवरची परिषद झाली. तिथे पंतप्रधान कॅमेरन यांनी नवे कायदे जाहीर केले. नोव्हेंबरात गृहखात्यातले मंत्री नॉर्मन बेकर राजीनामा देऊन गेले आणि गुन्हे प्रतिबंधाचं पद फेदरस्टोनबाईंकडे आलं, या वेळी एक पायरी वरचं. दोन वर्षं जी फाइल त्यांनी परदेशी मदतीच्या टोकाने धरली होती, ती आता पोलिसांच्या टोकाने त्यांच्या हातात आली. अंमली पदार्थ, दारू, घरगुती हिंसा असं पुष्कळ काही त्या पदाला जोडलेलं होतं. हातात वेळ होता निवडणुकीपर्यंतचे सहा महिने.

विधेयक आधीच संसदेत होतं, गंभीर गुन्ह्यांचं. संघटित टोळ्या, काळा पैसा, संगणकातली घुसखोरी, असला सगळा ऐवज. सभागृहात ते पुढे नेण्याचं मुख्य काम दुसऱ्या मंत्र्यांकडे होतं. त्या विधेयकात एकेक करत खतन्याची कलमं बसत गेली. ३ मार्च २०१५ ला राणीची संमती मिळाली तेव्हा त्यातली सत्तर ते पंचाहत्तर ही सहा कलमं या एकाच विषयाची होती. नागरिक नसलेला पण ब्रिटनमध्ये राहणारा माणूस परदेशात हे करेल तर तोही कायद्याच्या कक्षेत आला. पीडितेचं नाव जन्मभर गुप्त राहील असं ठरलं. मुलीला वाचवण्याची जबाबदारी असून ज्याने ती पाळली नाही, त्याला सात वर्षांपर्यंत कैद. राहिलेल्यांपैकी दोन कलमं जरा जवळून बघू.

एक कळवण्याच्या बंधनाचं. समजा, लूटनमधल्या एका शाळेत तेरा वर्षांची मुलगी मराठीच्या, म्हणजे तिकडे इंग्रजीच्या, बाईंना तास संपल्यावर सांगते की लहानपणी माझ्यावर असं झालं. पूर्वी बाईंनी काय करायचं हे त्यांच्या मनावर होतं. मुख्याध्यापकांना सांगायचं, आईवडलांना बोलवायचं, की घरच्यांचा राग नको म्हणून गप्प बसायचं? नव्या कलमाने सांगितलं, मुलगी अठराच्या आतली असेल आणि तिने स्वतः सांगितलं असेल, तर बाईंनी स्वतः पोलिसांना कळवायचं. हे बंधन शिक्षकांवर, डॉक्टर-परिचारिकांवर आणि समाजसेवा अधिकाऱ्यांवर. नुसता संशय असेल तर हे कलम लागत नाही, आणि शिक्षकाने तपासणी करायची नाही. कळवलं नाही तर कैद नाही, पण व्यवसायातली कारवाई होऊ शकते. यावर खूप वाद झाला. डॉक्टरांचं म्हणणं, बायका आमच्याकडे येणंच बंद करतील. ती भीती निराधार नव्हती. ब्रिस्टलमधल्या सोमाली कुटुंबांनी पुढे तक्रार केली की शाळा आणि दवाखाने आमच्याकडे गुन्हेगार म्हणून बघतात, सुट्टीत गावी जायचं म्हटलं तरी चौकशी होते. ही किंमत खरी आहे आणि ती निरपराध माणसांनी मोजली. तरीही माझं मत कलमाच्या बाजूचं आहे, आणि ते का, ते पुढे सांगतो.

दुसरं कलम संरक्षण आदेशाचं. मुलगी विमानात बसण्याआधीच न्यायालय पासपोर्ट जप्त करू शकतं. गुन्हा होण्याआधीचा हा उपाय. त्याचा साचा जबरदस्तीच्या लग्नाविरुद्धच्या २००७ च्या कायद्यातून घेतला, आणि तो कायदा मुख्यतः दक्षिण आशियाई घरांतल्या, म्हणजे आपल्याकडच्या, मुलींसाठी झाला होता. हे कलम सुट्टी लागण्याआधी अमलात आणायचं म्हणून १७ जुलै २०१५ हा दिवस धरला. त्याच दिवशी बेडफर्डशायर पोलिसांनी पहिला आदेश मिळवला आणि आफ्रिकेला नेल्या जाणार असल्याचा संशय असलेल्या दोन लहान मुलींचे पासपोर्ट ताब्यात घेतले. तेव्हापासून असे शेकडो आदेश निघाले आहेत.

त्या दिवशी फेदरस्टोनबाई मंत्रीही नव्हत्या आणि खासदारही नव्हत्या. मे २०१५ च्या निवडणुकीत त्या अकरा हजारांहून जास्त मतांनी पडल्या. त्यांचा पक्ष सत्तावन्नवरून आठावर आला. पुढे त्या उमरावांच्या सभागृहात गेल्या.

कायद्याने काही झालं का? पहिला खटला फेब्रुवारी २०१५ मध्ये पडला. लंडनच्या एका डॉक्टरांना ज्यूरीने अर्ध्या तासाच्या आत निर्दोष सोडलं, आणि तो खटला मुळात लावायलाच नको होता असं अनेकांचं मत झालं. पहिली शिक्षा झाली २०१९ मध्ये. तीन वर्षांच्या मुलीचा रक्तस्राव थांबेना म्हणून तिला इस्पितळात आणलं आणि इस्पितळाने पोलिसांना कळवलं. आईला ११ वर्षं झाली. आणि आणखी एक खटला, ज्याच्यामुळे माझं मत कळवण्याच्या बाजूने पक्कं झालं, तो २०२३ चा. २००६ मध्ये तीन वर्षांच्या ब्रिटिश मुलीला केनियाला नेऊन तिचा खतना केला गेला. बारा वर्षं कोणाला पत्ता नाही. मुलगी सोळा वर्षांची झाली आणि तिने शाळेतल्या शिक्षकांना सांगितलं. तिथून ते पोलिसांकडे गेलं आणि तिला घेऊन गेलेल्या बाईला सात वर्षांची शिक्षा झाली. परदेशात खतना करायला मदत केल्याबद्दलची ही पहिली शिक्षा.

याच केनियात १९९८ मध्ये १५ ते ४९ वयाच्या ३८ टक्के बायकांचा खतना झालेला होता. २०१४ मध्ये हा आकडा २१ टक्क्यांवर आला, २०२२ मध्ये १५ वर. केनियाचा स्वतःचा कायदा २०११ चा, त्याचं स्वतःचं मंडळ, आणि गावोगावच्या बायका. श्रेय त्यांचं. बाहेरच्या पैशाने त्यांना हात दिला, तोही थोडाच. आणि तो हात आखडत चालला आहे. मार्च २०१५ मध्ये ब्रिटनने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के परदेशी मदतीला द्यायचा कायदा केला. २०२० मध्ये मदतीचं स्वतंत्र खातंच परराष्ट्र खात्यात विलीन केलं, २०२१ मध्ये मदत ०.५ टक्क्यांवर आणली. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या कुटुंबनियोजन साधनांसाठीची मदत १५.४ कोटी पौंडांवरून २.३ कोटींवर आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधान स्टार्मर यांनी संरक्षणखर्चासाठी २०२७ पर्यंत मदत ०.३ टक्क्यांवर आणण्याचं जाहीर केलं आणि परदेशी मदतीचा विषय सांभाळणाऱ्या मंत्री अॅनेलीझ डॉड्स यांनी राजीनामा दिला. मला हे मनापासून खुपतं. पोलिसांचं टोक घट्ट धरलंय आणि गावाकडचं टोक सोडून दिलंय. कायदा तसाच उभा राहील, पण तो गुन्हा घडल्यावर धावेल.

आता मुंबईबद्दल बोलायलाच हवं. दाऊदी बोहरा समाजात मुलीच्या सातव्या वर्षाच्या आसपास खतन्याची चाल आहे. याबद्दल पहिल्यांदा मोकळेपणाने बोलल्या त्या समाजातल्याच बायका. २०१५ मध्ये मुंबईत 'सहियो' ही संघटना उभी राहिली, मासूमा रानाळवी यांनी आपली गोष्ट उघडपणे सांगितली. समाजातल्याच दुसऱ्या बायकांनी न्यायालयात बाजू मांडली की हे निरुपद्रवी आहे, धर्माचा भाग आहे. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टात जनहित याचिका आली. त्या डिसेंबरात केंद्राच्या महिला व बालविकास खात्याने सांगितलं की देशात याची कुठली अधिकृत आकडेवारीच नाही. २०१८ मध्ये महान्यायवादींनी बंदीच्या बाजूने भूमिका घेतली, हा आजच्या कायद्यानेही गुन्हाच ठरतो असं सांगितलं. सप्टेंबर २०१८ मध्ये प्रकरण घटनापीठाकडे गेलं आणि पुढे शबरीमलाच्या प्रश्नांबरोबर जोडलं गेलं.

दरम्यान आपल्या पोक्सो कायद्याचं कलम १९ बघा. लहान मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या कुणीही पोलिसांना कळवलंच पाहिजे. ब्रिटनमध्ये हे बंधन शिक्षक-डॉक्टरांवर आहे, आपल्याकडे सगळ्यांवर आहे, आणि २०१२ पासून आहे. आपल्याकडे नाही ती नोंद. इंग्लंडमधल्या इस्पितळांना एप्रिल २०१४ पासून खतना झालेल्या बाईची नोंद करणं बंधनकारक झालं. २०१५-१६ या पहिल्या पूर्ण वर्षात ५,७०२ नव्या नोंदी झाल्या, त्यांतल्या बऱ्याचशा गरोदर बायकांच्या. त्यामुळे 'आकडाच नाही' असं म्हणायची सोय तिथल्या मंत्र्याला राहिली नाही. मुंबई महापालिकेच्या प्रसूतिगृहांत, जिल्हा रुग्णालयांत बाईचा केसपेपर निघतो तेव्हा त्यावर हा एक रकाना घालता येईल. नाव बाहेर जाणार नाही, आकडा तेवढा आरोग्य विभागाकडे जाईल. त्यासाठी घटनापीठाच्या निकालाची वाट बघायला नको, नवा कायदाही नको. आरोग्य विभागाच्या राज्यमंत्र्यांच्या सहीचं एक परिपत्रक पुरेल.